पंक्ती, दासोह आणि मित्रभोजन

मित्रांनी एका टेबलाशी बसून एकत्र जेवणे ही कृती निव्वळ सुखाची आहे की तिच्यात धर्माचाही काही अंश आहे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या शेजारी बसून खावे आणि कोणाचे उरलेले खाऊ नये याविषयीचे नियम ज्या समाजात शतकानुशतके धर्माचेच नियम मानले गेले, त्या समाजाला तो टाळता येत नाही. जेवणाच्या जागा आज बदलल्या आहेत. घरातील पंगत, मठातील प्रसाद आणि देवस्थानातील अन्नदान यांच्या जोडीला हॉटेल आले, खानावळ आली, आणि शहरांतील वस्त्यांमध्ये दूरदेशीच्या पद्धतीची छोटी भोजनगृहेही आली. अशा ठिकाणी जमलेल्या मित्रांना परस्परांविषयी जी बरोबरी वाटते, ती खरी किती आणि तिचे माप कशाने घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार करण्यास बिदर आणि कलबुर्गी या सीमाजिल्ह्यांइतकी अनुकूल भूमी क्वचितच सापडेल. बिदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील दुबलगुंडी या गावाच्या परिसरात कन्नड, मराठी, दखनी आणि तेलुगू या भाषा एकाच बाजारात कानी पडतात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि हुमनाबाद, भालकी, औराद हे तालुके म्हैसूर राज्यात आले, तरी दोन्ही बाजूंची भाकरी, भाषा आणि सोयरीक यांचा संबंध तुटला नाही. बसवेश्वरांचे कल्याण, माणिकप्रभूंचे माणिकनगर, बिदरचा गुरुद्वारा आणि कलबुर्गीतील शरणबसवेश्वर मंदिर व बंदेनवाज यांचा दर्गा ही सारी स्थळे दुबलगुंडीहून दिवसाच्या प्रवासात गाठता येतात, आणि या प्रत्येक स्थळाने कोणी कोणाबरोबर जेवावे या प्रश्नाला आपापले उत्तर दिले आहे. याच भागातील तरुण शिक्षणासाठी व नोकरीसाठी हैदराबाद, पुणे, मुंबई येथे जातात, आणि तेथे एखाद्या संध्याकाळी निरनिराळ्या जातिधर्मांचे मित्र मिळून वस्तीतील ग्रीक भोजनगृहात बसतात, तेव्हा त्या जुन्या उत्तरांची नव्याने परीक्षा होते.

ग्रीसमध्ये अशा साध्या, अनौपचारिक भोजनगृहाला टॅव्हर्ना म्हणतात, आणि तेथील जेवणाचा एक लाडका प्रकार म्हणजे मेझे, अर्थात टेबलाच्या मध्यभागी ठेवलेल्या लहान लहान बश्यांतून सर्वांनी मिळून खाणे. काकडी व लसूण घातलेल्या घट्ट दह्याचा झाझिकी, द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून केलेले डोल्मादेस, ऑलिव्ह, फेटा चीज आणि सळईवर भाजलेले मांस असे पदार्थ मध्ये मांडले जातात. पोळीसारख्या पिटाचा तुकडा तोडून प्रत्येक जण तो एकाच वाटीत बुडवतो आणि त्याच हाताने पुन्हा तुकडा तोडतो. ग्रीक माणसाला यात विशेष काही वाटत नाही. भारतीय धर्मविचाराच्या दृष्टीने मात्र एक मूलभूत मर्यादा येथे सहज ओलांडली गेलेली असते, आणि ती मर्यादा म्हणजे उष्ट्याची.

उष्टे, धर्मशास्त्राच्या परिभाषेत उच्छिष्ट, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाचा किंवा जेवत्या हाताचा स्पर्श झालेले अन्न. या कल्पनेनुसार अन्न हे शुद्धाशुद्धतेचे सर्वांत सुलभ वाहन असल्यामुळे खाणाऱ्याची अवस्था त्याच्या ताटातून दुसऱ्याच्या अंगी येते. त्यातूनच सोवळ्यातील स्वयंपाक, पाण्यात शिजवलेले आणि तुपात तळलेले असा अन्नातील भेद आणि पंक्तीची व्यवस्था निर्माण झाली. पंक्ती म्हणजे एकत्र जेवणाऱ्यांची रांग. जिच्या उपस्थितीने रांग पवित्र होते ती व्यक्ती पंक्तिपावन आणि जिला रांगेत स्थान नाही ती अपांक्तेय, असे वर्गीकरण मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धभोजनाच्या संदर्भात विस्ताराने केलेले आढळते. दुसऱ्या बाजूला याच परंपरेत ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील दानसूक्त एकट्याने खाणाऱ्याला पापाचा धनी ठरवते, तैत्तिरीय उपनिषद अतिथीला देवाचे स्थान देते, आणि गृहस्थाच्या पाच महायज्ञांत माणसाला जेऊ घालण्याचा नृयज्ञ समाविष्ट आहे. अन्न द्यावे सर्वांना, पण बसावे मात्र आपल्याच रांगेत, असा या दोन प्रवाहांचा एकत्रित व्यवहार राहिला. अन्नदानाचा हात उदार होता आणि पंक्तीचे दार बंद होते, आणि या दोहोंत विरोध आहे असे बहुतेकांना बहुतेक काळ वाटलेही नाही.

प्राचीन ग्रीकांची स्थिती याहून वेगळी, पण तीही निर्दोष नव्हती. त्यांच्यात झेनिया नावाचा आतिथ्यधर्म होता, ज्यानुसार दारी आलेला परका हा झ्यूस या श्रेष्ठ देवाच्या संरक्षणाखाली आहे असे मानले जाई. होमरच्या ओडिसी या महाकाव्यात वारंवार दिसते की यजमान आधी पाहुण्याचे हातपाय धुण्याची सोय करतो, त्याला जेऊ घालतो, आणि त्यानंतरच त्याचे नाव, गाव व कुळ विचारतो. आपल्याकडील पंक्तीत कुळाची चौकशी आधी होई आणि तिच्यावरून पान कोठे मांडायचे ते ठरे, हे ध्यानात घेतले म्हणजे या क्रमाचे महत्त्व कळते. परंतु ग्रीकांच्या ज्या मित्रभोजनाची कीर्ती जगभर पसरली, त्या सिंपोझियममध्ये, म्हणजे जेवणानंतरच्या मद्यपान व संभाषणाच्या मैफलीत, नागरिकांच्या पत्नींना स्थान नसे आणि वाढण्याचे काम दास करीत. प्लेटोच्या याच नावाच्या संवादात प्रेमाच्या स्वरूपाविषयी उंच विचार मांडले जातात ते बासरीवादिकेला बाहेर पाठवून दिल्यानंतर. मैफलीतील बरोबरी ही बसलेल्यांपुरतीच होती.

स्पार्टा या नगरराज्यात याहून कठोर प्रथा होती. तेथील प्रौढ नागरिकांना सिसिशिया नावाच्या सामायिक भोजनगटात रोज जेवावे लागे आणि प्रत्येकाला सातू, मद्य, चीज, अंजीर यांचा ठरलेला वाटा आणून द्यावा लागे. ज्याला हा वाटा देणे परवडेना, त्याचे भोजनगटातील स्थान जाई आणि त्याबरोबर पूर्ण नागरिकत्वही जाई. ॲरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथात या व्यवस्थेवर नेमके बोट ठेवले आहे: सामायिक भोजनाचा हेतू समतेचा असताना वर्गणीच्या अटीमुळे परिणाम उलटा होतो, आणि त्या तुलनेत क्रीट बेटावरील पद्धत बरी, कारण तेथे खर्च सार्वजनिक उत्पन्नातून होतो. अडीच हजार वर्षांच्या जवळ पोहोचलेली ही टीका आजच्या हॉटेलच्या बिलालाही तितकीच लागू पडते, हे पुढे दिसेल.

भूमध्यसागराच्या पूर्व काठावर अँटिऑक हे ग्रीक भाषा व संस्कृतीचे मोठे नगर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तेथील नवख्रिस्ती मंडळात यहुदी आणि यहुदीतर एकत्र जेवत असत. जेरुसलेमहून काही कर्मठ मंडळी आल्यावर येशूचा ज्येष्ठ शिष्य पीटर त्या टेबलापासून दूर राहू लागला, आणि पॉलने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला. पॉलने गलतीकरांना लिहिलेल्या ग्रीक पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हा प्रसंग येतो. भारतीय जातिव्यवस्थेवर लिहिताना जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने या भांडणाला विलक्षण महत्त्व दिले, कारण जन्मावर आधारलेले भोजनाचे बंधन अँटिऑकमध्ये तुटले आणि पश्चिमेतील नागरिकत्वाच्या कल्पनेचे बीज तेथे पडले, असे त्याचे प्रतिपादन होते. या प्रतिपादनातील ऐतिहासिक अतिव्याप्ती बाजूला ठेवली तरी त्यातील प्रश्न उरतोच: भारतात असा कोणताच प्रसंग घडला नाही काय?

घडला, आणि तो दुबलगुंडीच्या शेजारीच घडला. 12 व्या शतकात कल्याण येथे कलचुरी राजा बिज्जळाच्या कारभारात मंत्रिपदावर असलेल्या बसवेश्वरांनी आणि त्यांच्याभोवती जमलेल्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, जो विचार मांडला, त्याची कायक आणि दासोह ही दोन अंगे आहेत. कायक म्हणजे स्वतःच्या हाताने प्रामाणिकपणे केलेले, उपासनेच्या दर्जाचे काम. दासोह म्हणजे त्या कामाचे फळ मी देतो अशी भावना न ठेवता, दास होऊन समाजाला अर्पण करणे. दानात देणारा वर आणि घेणारा खाली असतो; दासोहात देणारा स्वतःला खालच्या जागी नेतो, आणि त्यामुळे अन्न घेणाऱ्याची मान झुकत नाही. त्याचबरोबर लिंगायत विचाराने पंचसूतके, म्हणजे विटाळाचे पाच परंपरागत प्रकार नाकारले. जन्म, मृत्यू, रजस्वला अवस्था, उच्छिष्ट आणि जात हे ते पाच होत. उष्टे आणि जात यांना एकाच यादीत बसवून दोहोंचा एकदमच निषेध करणे ही विचारांची मोठी झेप होती, कारण जात टिकते ती ताटाच्या काठावर, हे त्यातून ओळखले गेले होते.

दासोहाचा सर्वांत सूक्ष्म अर्थ एका गरीब जोडप्याच्या कथेत आला आहे. आयदक्की मारय्या हा सांडलेले तांदळाचे दाणे वेचून त्यावर दासोह चालवणारा शरण. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घरी आणला, तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा हिने हा लोभ कोठून आला असे विचारून जास्तीचे दाणे परत टाकून यायला लावले. लक्कम्मा स्वतः वचनकार होती आणि तिची वचने आजही अभ्यासली जातात. दुसऱ्याला जेऊ घालण्याच्या हौसेतही साठवणीचा मोह आणि मोठेपणाची चव शिरू शकते, हे तिने ओळखले. अन्नदानाच्या पाट्यांवर देणगीदारांची नावे वाचण्याची सवय झालेल्या समाजाला ही कथा अवघड वाटली पाहिजे.

कल्याणच्या इतिहासात सामायिक भोजनाची मर्यादाही दिसून येते. शरणांच्या एकत्र उठण्याबसण्याने कर्मठांचा रोष वाढत होताच. पण परंपरा सांगते त्याप्रमाणे अस्पृश्य मानल्या गेलेल्या हरळय्याच्या मुलाशी ब्राह्मण कुळातील मधुवरसाच्या मुलीचे लग्न झाले, तेव्हा त्या रोषाचा भडका उडाला, दोन्ही बापांना क्रूर मृत्युदंड मिळाला आणि कल्याणची चळवळ रक्तपातात विखुरली. जेवण एका संध्याकाळपुरते असते, लग्न पिढ्या जोडते. म्हणून व्यवस्था पहिल्याकडे कधी काणाडोळा करते, दुसऱ्याकडे करीत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनावरील प्रबंधात हेच तर्काने मांडले: परस्परांत रोटीव्यवहार असणाऱ्या जाती कितीतरी आहेत, तरी त्यांच्यातील जातिभाव त्यामुळे मेलेला नाही, म्हणून सहभोजन हा पुरेसा उपाय ठरू शकत नाही.

कल्याणनंतर या भूमीत सामायिक स्वयंपाकघराची परंपरा अनेक रूपांनी चालू राहिली. 1400 च्या सुमारास कलबुर्गीस आलेले आणि 1422 मध्ये निवर्तलेले सूफी संत ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांच्यामुळे खानकाहची, म्हणजे सूफींच्या निवासाची आणि लंगरची रीत येथे रुजली. बिदरमधील नानक झिरा हा गुरुद्वारा गुरू नानकांच्या दक्षिणयात्रेच्या स्मृतीशी जोडलेला असून तेथील लंगरमध्ये सर्वांना एकाच पातळीवर जमिनीवर बसावे लागते. खालसा पंथाच्या पाच प्यारांपैकी साहिबसिंग हे बिदरचे आणि जातीने न्हावी होते, ही गोष्ट त्या पंगतीचा आशय स्पष्ट करते. कलबुर्गीचे शरणबसवेश्वर यांना लोक महादासोही म्हणून ओळखतात आणि त्यांच्या मंदिरात दासोह अजून चालतो. हुमनाबादजवळ माणिकनगर येथे माणिकप्रभूंनी, 1817 ते 1865 या आयुष्यात, सर्व मतांना आपले मानणारा सकलमत संप्रदाय उभा केला; मराठी, कन्नड आणि हिंदी अशा भाषांत पदे रचणाऱ्या या सत्पुरुषाच्या दरबारी हिंदू, लिंगायत आणि मुसलमान भक्त येत, आणि तेथील अन्नदान हे उपासनेचेच अंग मानले जाते.

या सर्व ठिकाणी येणारा भुकेला पोटभर जेवतो, शेजाऱ्याची जात विचारत नाही, आणि उठून जातो. तेथे त्याला भक्तबंधू लाभतात, मित्र लाभतातच असे नाही. मैत्रीच्या जेवणाचे धार्मिक रूप मराठी मनाने वेगळ्या जागी जपले आहे, आणि ते म्हणजे गोपाळकाला. भागवताच्या दशम स्कंधात यमुनेच्या वाळवंटावर कृष्ण सवंगड्यांसह शिदोरी सोडून जेवायला बसतो, आणि त्याच वेळी खुद्द ब्रह्मदेव वासरे व गोपबालक पळवतो. मराठी संतांनी या प्रसंगाला आपली भर घातली: सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या जातात आणि देव सवंगड्यांचे उष्टे आवडीने खातो. शास्त्राने जे सर्वांत अपवित्र मानले, ते येथे मैत्रीमुळे देवालाही हवेसे होते. येथे दाता कोणी नाही, याचक कोणी नाही, आणि कोणाच्या शिदोरीतून काय आले याचा हिशेबही कालवताना हरवतो. ग्रीक टेबलावरील मध्ये ठेवलेल्या वाट्या आणि हा काला यांची जात एकच आहे. तरीही ज्या पंढरपुरात काल्याचा उत्सव होत आला, तेथील मंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखामेळ्याच्या वंशजांसाठी उघडण्यास 1947 साल उजाडावे लागले आणि साने गुरुजींना उपोषण करावे लागले, ही वस्तुस्थिती विसरता येत नाही. काल्यात मिसळलेली समता महाद्वारापाशी थांबत होती.

अर्वाचीन महाराष्ट्रात हा प्रश्न पुन्हा उघडला तो बहुधा खाण्याच्याच निमित्ताने. 1849 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस मंडळीचे सभासद परधर्मीयाच्या हातचा पाव एकत्र खाऊन जातिभेद मोडत, पण गुप्तपणे. आणि 1860 मध्ये सभासदांच्या नावांची यादी बाहेर गेल्यावर मंडळी विसर्जित झाली. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्याच्या कारणावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवरही ग्रामण्य, म्हणजे जातिसभेकडून दोषारोप व बहिष्काराची कारवाई, ओढवले. रत्नागिरीत 1931 साली सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर झाले आणि त्या काळात तेथे सहभोजने घडवली गेली. मात्र 1927 च्या मार्चमध्ये महाड येथे चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर परिषदेला आलेल्या अस्पृश्य बांधवांवर हल्ला झाला तेव्हा त्यांतील कित्येक जण जेवत होते आणि त्यांचे अन्न मातीत मिळवले गेले, हे या सर्व प्रसंगांच्या शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. काहींना भेद मोडण्यासाठी दुसऱ्याच्या टेबलाशी जावे लागले, आणि काहींना आपले अन्न आपल्या जागी बसून खाण्यासाठीही झगडावे लागले.

या पार्श्वभूमीवर हॉटेलचे महत्त्व कळते. मुंबईत इराणी हॉटेलांच्या टेबलांशी जे शेजार जुळले, ते घरच्या पंगतीत अशक्य होते. भारतीय संविधानाच्या 15 व्या अनुच्छेदाने दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली, आणि 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पुणे-हैदराबाद महामार्गावरील हुमनाबादच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, भरले वांगे आणि शेंगदाण्याची चटणी मागवणाऱ्याला आज कायद्याने कोणी जात विचारू शकत नाही. यावर एक आक्षेप असा की हॉटेलातील समता ही पैशाची आहे, तिच्यात भक्ती नाही, त्यागही नाही, म्हणून तिला धार्मिक मूल्य नाही. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. पैसा देणाऱ्याला याचकपणापासून मुक्त करतो, म्हणजे दासोहाने भावनेच्या बळावर जे साधले त्याचा एक भाग तो व्यवहाराच्या बळावर साधतो. परंतु स्पार्टाच्या वर्गणीप्रमाणेच तो ज्याच्या खिशात काही नाही त्याला दाराबाहेर ठेवतो, आणि बाहेर ठेवले असे म्हणतही नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: मित्रभोजनात धर्म शोधणे अनाठायी, कारण मित्र हे निवडलेले असतात आणि धर्माची कसोटी न निवडलेल्यांशी वागण्यात लागते. ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले, उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची. आणि तिसरीला दीर्घ सहवास लागतो हे सांगताना, पुरेसे मीठ एकत्र खाल्ल्यावाचून माणसे एकमेकांना ओळखत नाहीत या आशयाच्या लोकोक्तीचा दाखला दिला. आपल्याकडे खाल्ल्या मिठाचा संबंध धन्याशी इमान राखण्याशी लावला जातो. ग्रीकांकडे तो बरोबरीच्या दोघांतील काळाशी आहे. या दृष्टीने मित्रांचे टेबल ही बरोबरीची शाळा ठरते. पूर्वग्रह असलेला माणूस आपल्या मित्राच्या वाटीत घास बुडवतो तेव्हा त्याने एका तत्त्वाला मान्यता दिलेली नसते, तरी त्याच्या हाताने एक जुनी भीती सोडलेली असते. शाळेत शिकलेले बाहेर आचरले नाही तर शाळेचा दोष नाही, पण ते शिक्षण पुरे झाले असेही म्हणता येत नाही.

म्हणून या प्रश्नाचा निर्णय असा देता येतो. एकत्र जेवणाऱ्यांच्या समतेचे खरे माप बसलेल्यांच्या आपसांत सापडत नाही. ते बसलेले आणि न बसलेले यांच्यातील नात्यात सापडते. सिंपोझियममध्ये वाढणारा दास, स्पार्टात वर्गणी न देऊ शकणारा नागरिक आणि पंढरपुरात महाद्वाराबाहेरचा भक्त हे तिन्ही त्या त्या टेबलाचे खरे परीक्षक होते, आणि तिन्ही टेबले त्यांच्यापुढे उणी ठरली. कल्याणच्या शरणांची थोरवी ही की राबणाऱ्या हातालाच त्यांनी उपासकाचा दर्जा दिला, त्यामुळे वाढणारा आणि जेवणारा यांतील उतरंड तत्त्वतः तरी उरली नाही. आजच्या भोजनगृहात ताटे विसळणारा मुलगा, तंदूरपुढे घामेजलेला आचारी आणि ज्याला बिलाच्या भीतीने आपण बोलावलेच नाही तो मित्र, यांच्याशी असलेले वर्तन हा त्या संध्याकाळच्या मैत्रीचा धर्मभाग आहे. मित्रांनी टेबलाशी अवश्य जमावे, मधल्या वाटीतून मिळून खावे, आणि उठण्यापूर्वी वाढणाऱ्याचे नाव विचारावे. आणि ज्याला बाहेर परवडत नाही त्याच्याकडे पुढच्या वेळी स्वतः जाऊन, त्याच्या घरची भाकरी त्याच्याच चुलीपाशी बसून खावी.